छंदाच्या बॅटऱ्या घरी चार्ज करताना वीज किती लागते आणि तिचे पैसे किती होतात

रिमोटवर चालणारी गाडी, फोमचे विमान, लहान ड्रोन, कॅमेरा, दुर्बिणीचे फिरते बैठक-यंत्र किंवा हॅम रेडिओचा हातातला संच यांपैकी काहीही घरात आले, की त्याच्यामागून चार्जर आणि बॅटऱ्यांचा लहानसा संसारही येतो. मग महिन्याअखेरीस बिल थोडे वाढलेले दिसले, की घरच्यांची नजर प्रथम त्या लुकलुकणाऱ्या चार्जरकडे जाते. या संशयाचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. बॅटरीवरचे लेबल, वीजबिलाचा कागद आणि साधा गुणाकार एवढ्यावर पैशापर्यंतचा हिशेब मांडता येतो. तो हिशेब पायरीपायरीने कसा करावा, तो कोठे चुकतो आणि खरा खर्च कोणत्या रकान्यात दडलेला असतो, हे या लेखात मांडले आहे.

उत्तराचा अंदाज आधीच हवा असेल तर तो असा आहे. छंदिष्टांमध्ये सर्रास आढळणारी तीन सेलची २२०० एमएएचची (मिलिअँपिअर-तासांची) लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटरी एकदा चार्ज करण्यास महाराष्ट्रातील मध्यम वापराच्या घरात साधारण ३० ते ३५ पैशांची वीज लागते. दोन हजार वॉटचा गिझर पंधरा मिनिटे चालवला, तर तेवढ्या विजेत अशा वीस बॅटऱ्या चार्ज होतील.

पहिली पायरी : एमएएच नव्हे, वॉट-तास पाहावेत

बॅटरीवर मोठ्या अक्षरांत एमएएचचा आकडा छापलेला असतो आणि दुकानातील सगळी बोलणीही त्याच आकड्यावर होतात. विजेच्या हिशेबाला मात्र तो एकटा पुरत नाही, कारण तो केवळ विद्युतभार सांगतो. ऊर्जा काढण्यासाठी त्याला व्होल्टने गुणावे लागते. सूत्र असे की, व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. एमएएचला हजाराने भागले, की अँपिअर-तास मिळतात.

लायपोच्या एका सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट धरतात. तीन सेलच्या पॅकचे ११.१ व्होल्ट होतात, त्याला २.२ अँपिअर-तासांनी गुणल्यास २४.४ वॉट-तास येतात. शर्यतीच्या गाडीतील दोन सेलचा ५००० एमएएचचा पॅक ३७ वॉट-तासांचा असतो, तर शर्यतीच्या ड्रोनमधील सहा सेलचा १३०० एमएएचचा पॅक जवळजवळ २९ वॉट-तासांचा. एमएएच पाहिले तर पहिला दुसऱ्याच्या चौपट वाटतो; प्रत्यक्षात तो सव्वापटीने मोठा आहे. सहा सेलचा ५००० एमएएचचा मोठा पॅक १११ वॉट-तासांचा भरतो.

तयार ड्रोन आणि कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्यांवर वॉट-तास बहुधा छापलेलेच असतात, कारण विमानप्रवासात तोच आकडा विचारला जातो. डीजेआय मिनी २ ची मूळ बॅटरी ७.७ व्होल्ट, २२५० एमएएच, म्हणजे १७.३२ वॉट-तासांची आहे. मोठ्या डीएसएलआर कॅमेऱ्यांची बॅटरी १४ वॉट-तासांच्या आसपास असते. पेन्सिल आकाराचा २००० एमएएचचा निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा असल्याने केवळ २.४ वॉट-तास साठवतो. दुर्बिणीसाठी वापरली जाणारी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बंदिस्त लेड-ॲसिड बॅटरी ८४ वॉट-तासांची असते.

दुसरी पायरी : प्रत्यक्षात किती भरले ते धरावे

लायपो पूर्ण रिकामी करायची नसते. सेलचा दाब फार खाली गेला की ती फुगते आणि कायमची निकामी होते. म्हणून साधारण ८० टक्के वापरून थांबण्याची शिस्त बहुतेक जण पाळतात. याचा अर्थ २२०० एमएएचच्या पॅकमध्ये चार्जरला परत सुमारे १७६० एमएएच भरावे लागतात. चार्जिंग संपल्यावर चार्जरच्या पडद्यावर हाच आकडा दिसतो आणि तो टिपून ठेवण्यासारखा असतो.

ज्यांना काटेकोर हिशेब हवा आहे त्यांनी येथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. भरताना सेलचा दाब ३.७ व्होल्टवर स्थिर नसतो. तो वाढत जाऊन ४.२ व्होल्टपर्यंत पोहोचतो. भरतानाचा सरासरी दाब ३.९ व्होल्ट धरणे अधिक योग्य होय. १.७६ गुणिले ३ गुणिले ३.९ म्हणजे २०.६ वॉट-तास, तर नाममात्र दाबाने हेच १९.५ येतात. फरक एका वॉट-तासाचा आहे. घरगुती हिशेबात तो सोडून दिला तरी चालेल. मात्र तुमचे मोजमाप आणि गणित पाच टक्क्यांनी जुळत नसेल, तर कारण बहुधा हेच असते.

तिसरी पायरी : वाटेतली गळती

भिंतीतील सॉकेटमधून निघालेली वीज बॅटरीत पोहोचेपर्यंत दोन-तीन ठिकाणी उष्णतेच्या रूपाने गळते. आधी २३० व्होल्टचे १२ किंवा १८ व्होल्ट करणारा अडॅप्टर अथवा एसएमपीएस, मग प्रत्यक्ष चार्जर, आणि शेवटी खुद्द बॅटरीची रसायनक्रिया. हात लावून पाहिल्यास प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊब जाणवते. ती ऊबही मीटर मोजतोच.

चांगला अडॅप्टर ८५ ते ९० टक्के आणि चांगला चार्जरही तितकाच कार्यक्षम असतो. दोन्ही एकामागोमाग असल्याने टक्केवाऱ्यांचा गुणाकार होतो आणि एकूण कार्यक्षमता ७५ ते ८० टक्क्यांपर्यंत उतरते. लायपोची स्वतःची गळती फारच कमी असते, कारण तिच्यात घातलेला विद्युतभार जवळजवळ सगळाच परत मिळतो. म्हणून लायपोसाठी एकूण ८० टक्के धरल्यास हिशेब वास्तवाच्या जवळ राहतो.

येथे एक सोयीची गोष्ट घडते. आपण बॅटरी ८० टक्के वापरतो आणि चार्ज करतानाची कार्यक्षमताही साधारण ८० टक्के असते. एका आकड्याने गुणायचे आणि दुसऱ्याने भागायचे, त्यामुळे दोन्ही एकमेकांना छेद देतात. परिणामी लेबलवर जितके वॉट-तास आहेत, साधारण तितकेच वॉट-तास एका चार्जला भिंतीतून ओढले जातात. हजार वॉट-तास म्हणजे बिलावरचे एक युनिट, म्हणून २४.४ वॉट-तासांच्या पॅकला २४.४ वॉट-तास, म्हणजे ०.०२४४ युनिट, १११ वॉट-तासांच्या पॅकला ०.१११ युनिट. रोजच्या वापरात एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

निकेल-मेटल हायड्राइड सेलना हा नियम लागू होत नाही. त्यांच्यात भरलेल्या विद्युतभाराचा बराच भाग, विशेषतः सेल भरत आल्यावर, उष्णतेत जातो. रात्रभर मंद गतीने भरणाऱ्या स्वस्त चार्जरला क्षमतेच्या सुमारे दीडपट विद्युतभार घालावा लागतो. २००० एमएएचचे चार सेल अशा रीतीने भरताना सेलमध्ये सुमारे १७ वॉट-तास जातात आणि चार्जरची गळती धरली तर भिंतीतून २८ वॉट-तास. हाती मात्र ९.६ वॉट-तासच येतात. त्यातही या चार्जरला सेल भरल्याचे कळत नाही. रविवारी रात्री लावलेले सेल सोमवारी सकाळी काढायचे राहून गेले आणि मंगळवारी काढले, तर त्या वाढीव चोवीस तासांत आणखी सुमारे ४५ वॉट-तास वाया जातात आणि सेल तापून त्यांचे आयुष्यही घटते. सेल भरल्यावर स्वतः थांबणारा, प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासणारा चार्जर घेणे याच कारणासाठी योग्य ठरते.

लेड-ॲसिडची गत मधली आहे. ८४ वॉट-तासांची बॅटरी निम्मी वापरून परत भरायची झाल्यास ४२ वॉट-तासांसाठी भिंतीतून सुमारे ७० वॉट-तास लागतात, असे धरावे. ही बॅटरी निम्म्याहून खाली नेऊ नये, हेही ओघाने आलेच.

चौथी पायरी : तुमचा युनिटचा खरा दर

बहुतेकांचा हिशेब येथे फसतो. बिलाच्या एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागून आलेला सरासरी दर या कामाला चालत नाही आणि त्याची कारणे दोन आहेत. एक, त्या रकमेत स्थिर आकार मिसळलेला असतो. तो तुम्ही बॅटरी चार्ज करा अथवा न करा, भरावाच लागतो. दुसरे, घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत जातात. महावितरणच्या घरगुती बिलात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे असतात आणि पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्याचा दर दुपटीहून अधिक असतो. दिवे, पंखे, फ्रिज तुम्ही वापरणारच आहात. छंदासाठी लागणारे युनिट त्यांच्या वर येऊन बसतात. म्हणून ते नेहमी तुमच्या शेवटच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यात मोजले पाहिजेत.

कृती अशी करावी. मागील महिन्याच्या बिलावर एकूण युनिट किती आहेत ते पाहून आपला शेवटचा टप्पा ओळखावा. त्या टप्प्याचा प्रतियुनिट वीज आकार घ्यावा, त्यात प्रतियुनिट वहन आकार मिळवावा आणि इंधन समायोजन आकार लागू असल्यास तोही मिळवावा. या बेरजेवर वीज शुल्क लागते. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकांसाठी ते १६ टक्के आहे. उदाहरणासाठी वीज आकार ९.६० रुपये, वहन आकार १.४० रुपये आणि इंधन समायोजन २५ पैसे धरू. बेरीज ११.२५ रुपये होते, त्यावर १६ टक्के चढवल्यास १३.०५ रुपये येतात. पुढील सर्व हिशेबांत मी १३ रुपये हा दर घेतला आहे. तुमच्या बिलावरून निघालेला आकडा त्या जागी ठेवावा. दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाने बदलत असतात आणि मुंबईत बेस्ट, टाटा व अदानी यांचे दरही एकमेकांहून वेगळे आहेत, त्यामुळे दुसऱ्याच्या बिलावरचा आकडा उसना घेऊ नये.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. २९९ युनिटांवर असलेल्या घरात दोन युनिट वाढले, तर सगळे बिल वरच्या दराने येईल अशी भीती अनेकांना वाटते. तसे होत नाही; ३०० च्या वर गेलेल्या एकाच युनिटाला वरचा दर लागतो. कर्नाटकातील मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत मात्र २०० युनिटांची मर्यादा ओलांडल्यास त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते. म्हणून बेळगाव-निपाणीकडील छंदिष्टांचा मासिक वापर त्या काठावर असेल, तर त्यांच्यासाठी एखादे युनिटही किमती ठरू शकते.

छतावर सौर पॅनेल आणि नेट मीटर असेल, तर हिशेब सोपा होतो पण शून्य होत नाही, कारण बॅटरीत गेलेले युनिट वीजजाळ्यात जमा झाले असते आणि पुढे कधीतरी तुमच्या बिलातून वजा झाले असते. स्मार्ट मीटरच्या बिलात दिवसाच्या तासांसाठी वेगळी सवलत दाखवलेली असेल, तर चार्जिंग दिवसा करावे. ते सुरक्षिततेच्या दृष्टीनेही चांगले. काही पैसे वाचवण्यासाठी लायपो रात्री लावून झोपी जाणे, हा मात्र कोणत्याही दरात परवडणारा व्यवहार नाही.

लग्नसमारंभाचे चित्रीकरण करणाऱ्या आणि घरातूनच व्यवसाय चालवणाऱ्यांना ठरावीक वापरमर्यादेपर्यंत घरगुती दर लागू राहतो. गाळ्यातून काम करणाऱ्यांनी व्यावसायिक दर घेऊन हेच गणित करावे.

पाचवी पायरी : गुणाकार

१३ रुपये दराने तीन सेलच्या २२०० एमएएच पॅकचा एक चार्ज ३२ पैशांना पडतो. मिनी २ ची बॅटरी २३ पैसे, कॅमेऱ्याची १८ पैसे, सहा सेलचा मोठा पॅक १ रुपया ४४ पैसे, निम्मी वापरलेली लेड-ॲसिड ९१ पैसे आणि रात्रभर भरलेले चार पेन्सिल सेल ३६ पैसे.

आता एका उत्साही विमानवाल्याचा महिना पाहू. चार रविवार, प्रत्येक रविवारी सहा पॅक, म्हणजे चोवीस चार्ज. एकूण वीज ०.५९ युनिट आणि रक्कम ७ रुपये ६० पैसे. मैदानावर प्यायलेल्या पहिल्या चहाचे पैसेही यातून निघणार नाहीत.

मोजून पाहायचे असेल तर

गणितावर विश्वास नसेल तर मोजमाप करावे आणि त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे सॉकेट आणि चार्जर यांच्यामध्ये लावायचा प्लग-इन ऊर्जा मीटर. तो पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळतो. त्याची अडचण अशी की, अनेक मीटर ०.०१ युनिटपेक्षा लहान वापर दाखवतच नाहीत. एक पॅक चार्ज केल्यावर पडद्यावर ०.०२ दिसेल आणि त्यातून काहीच बोध होणार नाही. म्हणून मीटर शून्यावर आणून पाच पॅक ओळीने चार्ज करावेत आणि शेवटचा आकडा पाचाने भागावा. ०.१२ दिसल्यास एका पॅकला ०.०२४ युनिट लागले. त्या मीटरवर वॉट आणि व्होल्ट-अँपिअर असे दोन आकडे दिसत असतील, तर वॉट घ्यावेत. स्वस्त अडॅप्टरमध्ये दुसरा आकडा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट असू शकतो. घरगुती बिल मात्र वॉटवरून निघणाऱ्या युनिटांवरच येते. याच कारणाने क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) अँपिअर मोजून त्यांना २३० ने गुणणे चुकीचे ठरते. त्याहून मोठी चूक म्हणजे अडॅप्टरच्या मागे छापलेले १.५ अँपिअर घेऊन ३४५ वॉट काढणे, कारण तो आकडा त्याच्या कमाल मर्यादेचा असतो, प्रत्यक्ष वापराचा नव्हे.

दुसरा मार्ग फुकटचा आहे आणि मला तो अधिक आवडतो, कारण त्यात साक्षीदार खुद्द बिल बनवणारा मीटरच असतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा सतत लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला किती स्पंद होतात तो आकडा छापलेला असतो. तो ३२०० किंवा १६०० असा काहीतरी सापडेल. ३२०० असल्यास प्रत्येक लुकलुक म्हणजे ०.३१ वॉट-तास, अर्थात ११२५ वॉट-सेकंद. घरातील फ्रिज, राउटर, सेट-टॉप बॉक्स आणि पंखे बंद करावेत. इन्व्हर्टर असल्यास त्याचा प्लग काढावा, नाहीतर तो स्वतःची बॅटरी भरत राहतो आणि मोजमाप बिघडवतो. आधी काहीही चालू नसताना दिवा स्तब्ध राहतो ना, हे मिनिटभर पाहावे. मग चार्जर सुरू करून पॅक भरणे ऐन वेगात आले, की एका लुकलुकीपासून घड्याळ लावून पुढील दहा लुकलुकींचा वेळ मोजावा. ११२५० ला त्या सेकंदांनी भागले की वॉट मिळतात. १८० सेकंद लागले असतील, तर चार्जर त्या क्षणी ६२ वॉट ओढत आहे. मीटर १६०० स्पंदांचा असेल, तर ११२५० च्या जागी २२५०० घ्यावेत. लायपो भरत आली की प्रवाह घटत जातो आणि लुकलुकीही विरळ होत जातात. म्हणून सुरुवातीच्या वॉटला संपूर्ण वेळेने गुणू नये. दर दहा मिनिटांनी एक मोजणी घेऊन सरासरी काढावी.

रिकामा चार्जर

मीटर हाती आला की आधी एक प्रयोग करावा. चार्जर सॉकेटला लावून, बॅटरी न जोडता, तो किती वॉट ओढतो ते पाहावे. पडदा उजळलेला आणि अडॅप्टर कोमट असलेला चार्जर दोन वॉट सहज खातो. दोन वॉट म्हणजे महिन्याला १.४४ युनिट, म्हणजे जवळजवळ १९ रुपये. वर पाहिलेल्या विमानवाल्याच्या महिनाभराच्या प्रत्यक्ष चार्जिंगच्या अडीचपट वीज त्याचा चार्जर काहीही न करता खातो. घरच्यांचा संशय अगदीच निराधार नसतो, तो एवढ्यापुरता.

जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय वापरून चार्जर चालवणाऱ्यांनी अधिक जपावे. त्याचा पंखा आणि आतील मंडळे मिळून पंधरा वॉट घेत असतील आणि तो रात्रंदिवस चालू राहिला, तर महिन्याला १०.८ युनिट, म्हणजे १४० रुपये होतात. उपाय साधा आहे : चार्जिंगच्या टेबलासाठी बटणाचा एक एक्स्टेंशन बोर्ड ठेवावा आणि काम संपले की भिंतीवरचे बटण बंद करावे. चार्जरवरील बटण बंद केल्याने अडॅप्टर बंद होत नाही.

इन्व्हर्टर आणि गाडीची बॅटरी

वीज गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर पॅक चार्ज केला, तर तीच वीज आधी लेड-ॲसिड बॅटरीत जाते, तेथून बाहेर येते, पुन्हा २३० व्होल्टची होते आणि मग चार्जरकडे पोहोचते. प्रत्येक वळणावर गळती होत असल्याने खर्च दीडपट ते पावणेदोनपट होतो. ३२ पैशांचे ५० ते ५५ पैसे झाले, तर बिघडत काही नाही. मात्र भारनियमनाच्या वेळी पंख्यासाठी राखलेला साठा त्यात जातो, हे घरात आधी सांगावे.

मैदानावर गाडीच्या बॅटरीवरून चार्ज करताना अडॅप्टरचा टप्पा वगळला जातो, त्यामुळे सहा पॅकना सुमारे १३५ वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर ११ अँपिअर-तास लागतात. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. तिचा तिसरा हिस्सा काढल्यावर गाडी सुरू होईल, पण जुनी बॅटरी असेल तर खात्री देता येत नाही. सहाच्या वर पॅक नेणाऱ्यांनी मैदानासाठी स्वतंत्र बॅटरी ठेवावी.

विजेपेक्षा मोठा रकाना

विजेचा हिशेब पूर्ण झाल्यावर त्याच्या शेजारी बॅटरीच्या झिजेचा रकाना मांडल्याशिवाय चित्र खरे होत नाही. समजा, पॅकची किंमत २००० रुपये आहे आणि नीट वापरल्यास तो २०० वेळा चार्ज होतो. प्रत्येक चार्जला १० रुपयांची बॅटरी झिजते आणि ३२ पैशांची वीज लागते. म्हणजे झीज विजेच्या तीसपट आहे. तोच पॅक हेळसांडीने १०० चार्जमध्ये फुगला, तर प्रत्येक चार्ज २० रुपयांवर जातो. वीज वाचवण्याच्या ज्या युक्त्या बॅटरीचे आयुष्य घटवतात, त्या म्हणूनच तोट्याच्या ठरतात.

लायपो पूर्ण भरलेल्या अवस्थेत आठवडाभर पडून राहणे तिला सर्वाधिक मानवत नाही. पावसामुळे रविवारचे उड्डाण रद्द झाले, तर चार्जरमधील स्टोरेज मोड वापरून प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावा. यात भरलेली निम्मी वीज उष्णतेत जाते, म्हणजे पंधरा-सोळा पैसे. तेवढ्यासाठी हात आखडू नये. चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेइतकाच, म्हणजे २२०० एमएएचसाठी २.२ अँपिअर ठेवावा आणि बॅलन्स लीड (सर्व सेलचा दाब सारखा राखण्यासाठी पॅकला असलेली बारीक तारांची जोडणी) प्रत्येक वेळी जोडावी. प्रवाह वाढवल्याने वीज फारशी कमी-अधिक लागत नाही, फक्त वेळ वाचतो आणि सेल तापतात.

उष्णतेचा मुद्दा आपल्याकडे पुस्तकी नाही. लिथियम बॅटऱ्या चार्ज करण्याची नेहमीची वरची मर्यादा ४५ अंश सेल्सिअस मानली जाते, आणि मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूर येथे सावलीतले तापमानही तेथवर पोहोचते. नुकत्याच उतरलेल्या विमानातील पॅक त्याहून गरम असतो. तो खोलीच्या तापमानाला आल्यावर, सकाळी किंवा संध्याकाळनंतर जागेपणी, फरशीवर वा मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करावा. बंद बाल्कनीतील दुपार टाळावी.

वहीतले चार रकाने

प्रत्येक पॅकवर क्रमांक चिकटवून वहीत तारीख, चार्जरने भरलेले एमएएच, लागलेला वेळ आणि उड्डाणाची मिनिटे एवढे लिहावे. विजेचा खर्च दरवेळी लिहिण्याचे कारण नाही. तो वर्षातून एकदा, दर बदलल्यावर काढला तरी पुरतो. वर्षभराने हीच वही पॅकची खरी किंमत सांगते : खरेदीची रक्कम अधिक झालेल्या सर्व चार्जची वीज, भागिले उड्डाणाची एकूण मिनिटे. २००० रुपयांच्या पॅकने १५० चार्जमध्ये प्रत्येकी आठ मिनिटे दिली असतील, तर १२०० मिनिटांना २०४८ रुपये, म्हणजे मिनिटाला १ रुपया ७१ पैसे पडले आणि त्यात विजेचा वाटा चार पैशांचा आहे. त्याच पद्धतीने दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त पॅकचा आकडा काढावा. पुढील खरेदी कोणत्या पॅकची करायची, हे त्या दोन आकड्यांवरून ठरवता येते. आठ मिनिटांची सहा मिनिटे झालेला पॅक उड्डाणातून काढून टॉर्च किंवा ट्रान्समीटरसारख्या कमी प्रवाहाच्या कामाला लावावा. फुगला असेल तर मात्र तो चार्जरला पुन्हा जोडू नये.